डाव्या अंगाची जागा

"अगं ए कोंबडे, त्या माणसाला सांग, हँडल सरळ धर म्हणावं! माझ्या पातेल्याला पोचा आला तर लोकांच्या लग्नातली केळी काय त्याच्या हेल्मेटात शिजवू?"

सगळ्यात मोठ्या पातेल्यात अंड्यांवर बसलेल्या चितकबऱ्या कोंबडीनं मान वाकडी केली. पडद्यापलीकडून लुतायाचा घामेजलेला, अदबशीर आवाज आला, "कोंबडीबाई, सासूबाईंना सांगा, हँडल सरळच आहे. भिंत जरा वाकडी आहे."

"भिंत वाकडी! ऐकलंस गं? माझ्या नवऱ्यानं ओळंबा लावून उभी केलेली भिंत वाकडी, आणि हा कालचा पोरगा तेवढा सरळ!"

खर्रकन आवाज झाला. मोटरसायकलीचा आरसा पातेल्याला घासला. नालोंगोनं चुलीवरच्या केळीच्या पानांवर असा हात मारला, जणू पानांऐवजी जावयाचं टाळकंच तिथं आहे.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. हे नाव बाजारात मिळत नाही, पोटात दोन जीव वागवून मिळवावं लागतं. तिनं ते असं मिरवलं होतं, की तिचं मूळचं नाव युगांडातल्या त्या मसाका गावात आता कुणाला आठवतही नव्हतं. जुळ्यांतली धाकटी, नाकातो, परमुलखात कामाला गेली आणि फोनमधला आवाज होऊन राहिली. थोरली बाबिर्ये मात्र हाकेच्या अंतरावर, उताराखालच्या चाळीत नवऱ्याबरोबर राहत होती. लुताया बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवायचा, सवाऱ्या ने-आण करायचा. चाळीतून शेजाऱ्याची मोटरसायकल चोरीला गेली, तेव्हा बाबिर्ये आईपुढं येऊन बसली.

"आई, रात्रीपुरती गाडी तुझ्या गॅरेजात राहू दे. नाहीतर हे म्हणतात कंपालाला जाऊ. यांच्या भावाकडे भिंत घातलेलं अंगण आहे."

"मग जा ना. माझं काय अडलंय?" असं म्हणून नालोंगोनं शेंगदाणे असे कुटले, की त्यांचं पीठ न होता तेलच निघावं. उखळ थांबल्यावर म्हणाली, "गाडी राहील. गाडीवाला नाही."

गॅरेज तिच्या नवऱ्यानं आपल्या छोट्या मोटारीसाठी बांधलं होतं. मोटार विकली गेली, मग नवराही गेला. आता उजव्या भिंतीला लग्नकार्यासाठी भाड्यानं द्यायची पातेली आणि खुर्च्या, डाव्या बाजूला नालोंगोची चूल, आणि मधे तारेवर टाकलेली जुनी चादर. चादर आणि पातेली यांच्यामधल्या बोळकांडीत मोटरसायकल. पातेली हलवायची नाहीत, कारण कोंबडी अंड्यांवर बसलेली. चूल हलवायची नाही, कारण ती नालोंगोची चूल.

आणि चादर हवीच. सासूनं जावयाला शिवायचं नाही, तोंडासमोर तोंड आणायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. तिच्या मावशीचे हात म्हातारपणी केळीच्या फाटक्या पानासारखे थरथरायचे, घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. जावयाचा धक्का लागला होता तिला, असं सगळा गाव म्हणे. नालोंगोचे हात अजून दगडासारखे स्थिर होते, आणि तिला ते तसेच न्यायचे होते.

म्हणून मधे कोंबडी. सासूनं तिला सांगायचं, जावयानं तिला उत्तर द्यायचं.

"आई, रोज किती बोलतेस त्यांना," बाबिर्ये एकदा कुरकुरली. "त्यांचं मन उडालंय इथून. कंपालाला फोन केला काल."

"मी बोलते कोंबडीला. ती काही चिडली नाही," नालोंगो म्हणाली. पण त्या रात्री तिनं अर्धं ताट कोंबडीपुढं सारलं. दुसरीही मुलगी आता फोनमध्ये जाऊन बसणार.

शनिवारी वरच्या आळीत एका मुलीच्या लग्नाची बोलणी होती. सगळी वस्ती तिकडं, बाबिर्येही तिकडं, आणि ढोलांच्या आवाजानं पत्रे थडथडत होते. अंधारून येता येता फाटकाशी हॉर्न वाजला. नालोंगो चादरीआड झाली.

"कोंबडे, त्याला सांग, आज तरी माणसासारखी लाव म्हणावं."

चाकं उंबऱ्यावरून आत आल्याचं तिला ऐकू आलं, मग एक धाप, मग खुर्च्या कोसळल्याचा कडकडाट. कोंबडी ओरडली. मग लुताया ओरडला, आणि या वेळी कोंबडीला नव्हे.

"पाय! माझा पाय!"

नालोंगोनं वरच्या आळीच्या दिशेनं दोन हाका मारल्या. ढोलांनी त्या गिळल्या. पेट्रोलचा वास आला, तशी तिनं आधी चुलीवर हंडाभर पाणी ओतलं. मग चादरीला हात घातला आणि ती तारेवरून खसकन ओढून काढली.

मोटरसायकल उजवीकडं कलंडली होती, आणि लुताया तिच्या आणि पातेल्यांच्या सापटीत अडकला होता. नालोंगोनं लगेच मान फिरवली, पण दिसायचं ते दिसलं होतं. हा उजव्या बाजूनं गाडी ढकलत होता! लहान पोरालाही माहीत असतं, गाडी आत न्यायची ती डाव्या बाजूनं, जिकडं स्टँड असतो.

"मूर्खा!" कोंबडीला विसरून ती ओरडली. "उलट्या बाजूला काय करतोयस?"

"डावीकडं चादर आहे," तो कण्हत म्हणाला. "आत तुम्ही असता. कोपर लागलं असतं तर…"

नालोंगोनं हातातल्या चादरीकडं पाहिलं. इतके दिवस ज्याला ती रेड्याच्या अकलेचा म्हणत आली, तो रोज सापटीत अंग चोरून, गाडी उलटीकडून ढकलत, तिचे हात जपत होता.

तिनं मान न वळवता चादरीचं एक टोक मागं भिरकावलं. "हँडलला बांध. घट्ट. मी ओढते, तू खालून रेट."

"सासूबाई, तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

"दोन पोरं एका वेळी काढलीत मी. बांध!"

तिनं दुसरं टोक मुठींना गुंडाळलं, टाचा रोवल्या आणि तोंड चुलीकडं ठेवून ओढलं. चादर करकरली, मधेच चिरली. गाडी इंचाइंचानं उभी राहिली. तिचा भार आपल्याकडं येतोय हे जाणवताच नालोंगोनं मागं न पाहता पायानं चाचपून स्टँड खाली पाडला. गाडी उभी राहिली.

लुतायाच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला होता, हाड शाबूत होतं. ती परसात गेली, तिथूनच कोरफडीची पात तोडून उंबऱ्याशी टाकली, आणि तो लंगडत जाईपर्यंत केळीच्या झाडांआड उभी राहिली. मग तिनं आपले हात उजेडात धरून पाहिले. चादरीच्या पिळाचे लाल वळ होते. हात थरथरत होते. पण ते ओझ्यानं, आणि ओझं तिला ओळखीचं होतं.

चारेक दिवसांनी बाबिर्ये नवी चादर घेऊन आली. "त्यांनी पाठवलीय. फाटली ना तुझी."

"हा काय रंग? पिकून सडलेल्या पपईचा! यापेक्षा फाटकी बरी होती." नालोंगोनं चादर उलगडली, दोन्ही बाजूंनी चोळून पाहिली. "आणि कंपालाचं काय?"

"पाय बरा होईस्तोवर काही बोलायचं नाही, म्हणाले."

"हं. मग इथं उभी राहून काय बघतेस? ती चूल धर एका बाजूनं."

"चूल?"

"बहिरी झालीस का? परसाच्या दाराशी न्यायचीय. इथं धूर कोंडतो."

तीस वर्षांत तिथं धूर कधी कोंडला नव्हता. दोघींनी चूल हलवली. मग नालोंगो स्टुलावर चढली, तार सोडली आणि पुरी दोन हात मागं आपल्या स्वयंपाकात घेऊन बांधली. चुलीपुढं आता तिला पाटसुद्धा आडवा टाकता येईना.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. नालोंगो पपईच्या रंगाआड बसली. चाकं आत आली, आणि त्यांच्याबरोबर डाव्या बाजूनं पावलं, सावकाश, जरा लंगडती. कुठंही खर्र झालं नाही. स्टँड खटकन पडला.

कोंबडी दुपारीच पिल्लं घेऊन परसात गेली होती. पातेलं रिकामं होतं, हे चादरीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

"कोंबडे," नालोंगो म्हणाली, "त्याला सांग, उंबऱ्यावर पानात उकडलेली केळी बांधून ठेवलीत, शेंगदाण्याचं कालवण पण आहे. गार व्हायच्या आत ने म्हणावं."

पलीकडं पावलं उंबऱ्यापर्यंत गेली, पान सळसळलं.

"कोंबडीबाई," लुताया म्हणाला, "सासूबाईंना सांगा, भिंत सरळ आहे."