डॉक्टरांचा पहिला प्रश्न

रेडिओवर कुणाचे कपडे दिसत नाहीत, तरी सरकारी समितीवरची माणसं कडक इस्त्री करूनच खोटं बोलायला येतात. डॉक्टरही तसेच आले. वय सत्तरीच्या घरात, चण लहान, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि हातात सगळ्या स्टेशनला पुरेल एवढा बिस्किटांचा डबा. दारावरच्या शिपायाला त्यांनी गुडघेदुखीचं विचारलं आणि शिपाई विरघळलाच. अशा गोड माणसांपासून चार हात लांब राहावं, असं ताईची आई म्हणायची. पण आईचं कोण ऐकतं!

ताई म्हणजे सकाळच्या चर्चेच्या कार्यक्रमाची निवेदिका. सगळं शहर तिला ताई म्हणे, फोन करून तिच्याशी भांडे आणि शेवटी तब्येतीला जप म्हणे. तिला ताई म्हणायचा खरा हक्क एकाच माणसाचा होता, तिच्या धाकट्या भावाचा.

त्या दिवशीचा विषय महिनाभर शहरात धुमसत होता. शहराबाहेर एक बंद पडलेलं शीतगृह आहे. सरकारनं तिथं माणसं गुपचूप कोंडली होती का, त्यांचे हाल केले होते का, आणि केले असतील तर जाब कुणी द्यायचा? तिथून परत आलेल्या पाचसहा जणांनी तक्रार केली, ओरड फार झाली, तेव्हा सरकारनं समिती नेमली आणि डॉक्टरांना अध्यक्ष केलं. समितीनं शोध घेतला, चहापाणी घेतलं आणि सांगितलं, की असं ठिकाण कधी नव्हतंच. आज डॉक्टर हेच सांगायला आले होते, आणि त्यांच्यासमोर बसल्या होत्या बेपत्ता माणसांच्या घरच्यांच्या वकीलबाई.

ताईचा भाऊ त्या नसलेल्या ठिकाणीच होता. हे तिनं स्टेशनात कुणाला सांगितलं नव्हतं. धाकटा आजारी असतो, एवढंच लोकांना माहीत. एका संध्याकाळी कुणीतरी त्याला दारात सोडून गेलं, तोंड उघडलंस तर बहिणीला उचलू असं बजावून. दोन्ही हात खांद्यापासून लोंबत होते. ताईनं कोणतीही बहीण विचारील तेच विचारलं, ‘अरे, शेवटचं कधी खाल्लंस?’ आणि तो तिचा सत्तावीस वर्षांचा भाऊ सरपटत टेबलाखाली गेला.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्यानं तुटक तुटक सांगितलं. तिथं डोळ्यांवर कायम पट्टी असे. मारणारे शिव्या देत, त्यांची भीती वाटायची नाही. भीती एका मऊ आवाजाची. तो यायचा, पोटावर उबदार हात ठेवायचा आणि विचारायचा, शेवटचं कधी खाल्लंस बाळा, खरं सांग हं. पोट भरलेलं असलं तर माणूस ओकतो, गुदमरतो, मरतो, आणि मेलेल्याचा उपयोग नसतो. पोट रिकामं असलं की आवाज म्हणायचा, ‘चालेल.’ मग हात मागे बांधून टांगायला न्यायचे.

तेव्हापासून त्या घरात जेवणाबद्दल कुणी काही विचारत नसे. ताई नुसतं ताट ठेवून जाई. भाऊ घराबाहेर पडत नसे, कुणाशी बोलत नसे. सकाळी तेवढा रेडिओला कान लावून ताईचा कार्यक्रम ऐके.

तर त्या सकाळी आवाजाची पातळी बघायची होती. पाहुण्याला नुसतं ‘बोला’ म्हटलं की तो पोपटासारखं ‘हॅलो हॅलो’ करतो आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याचा आवाज भलताच लागतो. म्हणून ध्वनियंत्रावरचे मामा काचेपलीकडून प्रत्येकाला एकच विचारत, ‘सकाळी काय खाल्लंत?’ खाण्यावर माणूस मोकळा बोलतो, स्वतःच्या खऱ्या आवाजात. मामांची ही जुनी युक्ती. त्यांनी ती मंत्र्यांवर वापरली होती, पहिलवानांवर वापरली होती.

डॉक्टर खुशीत हसले. ‘अहो, माझा धंद्याचा प्रश्न चोरलात की! जन्मभर मीच लोकांना हे विचारत आलोय.’ आणि माईककडे झुकून, एखाद्या पोराच्या उशाशी बसावं तसे म्हणाले, ‘शेवटचं कधी खाल्लंस, बाळा? खरं सांग हं.’

‘झकास,’ मामा म्हणाले. ‘पातळी एकदम बरोबर.’

अशा वेळी अंगातलं रक्त आटलं असं म्हणायची पद्धत आहे. ताईचं आटलं नाही, चढलं. कानशिलं तापली. समोर तो बिस्किटांचा चुरा ओठांवरून टिपत होता, आणि इथून पुढे त्याला अहो-जाहो करायचं मला तरी कारण दिसत नाही.

तिच्या डोक्यात भराभर हिशोब झाले. वकीलबाईंना सांगावं? त्या म्हणतील, कुठलाही डॉक्टर हेच विचारतो, एका वाक्यानं कुणी फासावर जात नाही. आणि ते खरंच होतं. मग राहिला एकच मार्ग. ज्यांनी हा माणूस फक्त कानांनी पाहिला होता, त्यांच्या कानांपर्यंत तो न्यायचा. तक्रार करणारे सोडले तर बाकीचे शहरात कुठे कुठे तोंड दाबून बसले असतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण रेडिओ सगळीकडे जातो.

घरीसुद्धा जातो. अजून वेळ होता. शेजारणीला फोन करून रेडिओ बंद करायला सांगता आलं असतं. ताईनं फोन उचलला आणि परत ठेवला. सांगायचं तर कारण सांगावं लागेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. ती थाप होती. सावध केलेला भाऊ नको म्हणाला असता, आणि तिला नकार ऐकायचा नव्हता. तिला हा माणूस हवा होता, आत्ता, या खुर्चीत. भावाचं काय होईल हे तिच्या मनात आलं, आणि तरीही तिला हा माणूस हवाच होता.

लाल दिवा लागला. दिवा लागला की स्टुडिओचं दार कुलूपबंद, तो विझेपर्यंत उघडायचं नाही, हा नियम देवाच्या बापालाही लागू.

चर्चा सुरू झाली. डॉक्टर तुपासारखा बोलत होता. ‘मी स्वतः तक्रारदारांचे तपासणीचे कागद पाहिले. खांदे निखळलेत, मान्य. पडल्यावर निखळतात.’

‘दोन्ही? मागच्या बाजूला?’ वकीलबाईंनी विचारलं.

‘शिडीवरून पडलं तर, हो.’

‘सगळेच्या सगळे शिडीवरून पडले?’

‘आपल्याकडे शिड्या फार वाईट बनवतात हो, बाई.’ तो हसला. ‘आणि बघा, ही माणसं म्हणतात डोळ्यांवर पट्टी होती. म्हणजे कुणी काही पाहिलेलंच नाही. मग सरकारनं जाब द्यायचा तो कशाचा?’

वकीलबाई कागद चाळू लागल्या. ताईनं आवाजात साखर घातली. ‘विषय फारच जड झाला, डॉक्टर. मघाशी तुम्ही आम्हाला तुमचा पहिला प्रश्न ऐकवलात ना, पेशंटला विचारता तो? किती मायेनं विचारलात! आमच्या श्रोत्यांना ऐकवा की.’

गोड माणसाला गोडवा मिरवायची संधी मिळाली, तो कसा सोडेल? तो माईककडे झुकला. ‘शेवटचं कधी खाल्लंस, बाळा? खरं सांग हं.’

ताई काहीच बोलली नाही. रेडिओवर शांतता म्हणजे पाप. काचेपलीकडे मामा हातवारे करू लागले. तिनं ती शांतता तशीच राहू दिली, जिथे पोचायची तिथे पोचू दिली. मग म्हणाली, ‘श्रोतेहो, हा आवाज ज्यांनी आधी ऐकलाय त्यांनी आत्ता फोन करा. डोळे बांधलेले असताना ऐकला असेल, तरी चालेल.’

पहिला फोन एका बाईचा. ‘ताई, हे आत्ता कोण बोललं? माझा नवरा रेडिओ ऐकता ऐकता उठला आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. हाका मारतेय तर ओ देत नाही.’

दुसरा आवाज म्हाताऱ्याचा होता. ‘हाच तो. पोटावर हात ठेवायचा. हात उबदार असायचा हो, तेच वाईट.’

तिसरा फक्त एवढंच म्हणाला, ‘त्याला “चालेल” म्हणायला सांगा.’ आणि रडायला लागला. मामांच्या टेबलावर फोनचे दिवे लुकलुकायचे थांबेनात.

‘हे ठरवून केलंय!’ डॉक्टर उठला. दाराकडे गेला, कडी धरून खालीवर करू लागला. बाहेर स्टेशनचे साहेब येऊन थडकले होते आणि गळ्यावरून हात फिरवत होते, कार्यक्रम कापा, कापा. कापायचं बटण मामांच्या बोटाशी होतं. मामा जन्मात कुणाला उलट बोलले नव्हते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला.

‘बसा, डॉक्टर,’ ताई म्हणाली. ‘लोक वाट बघतायत.’

‘मी कुणाला बोटसुद्धा लावलेलं नाही!’ तो ओरडला. मऊ आवाज फाटला होता. ‘उलट मी होतो म्हणून जगले ते! मी नसतो तर एकही परत आला नसता तिथून!’

वकीलबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. ‘कुठून, डॉक्टर?’

त्याचं तोंड उघडं राहिलं. ताईला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. ‘सांगा ना,’ ती म्हणाली. ‘आपल्याकडे भरपूर वेळ आहे.’

तो अखेरपर्यंत बोलला नाही, पण आता त्याच्या बोलण्याची गरजही नव्हती. दिवा विझल्यावर साहेब म्हणाले, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ ताई ‘बरं’ म्हणाली आणि पर्स उचलून धावत सुटली. रस्त्यात दुकानादुकानांतून तोच आवाज रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा लावलेला ऐकू येत होता. आता तिला घराची धास्ती वाटू लागली. बदला घेतलास, पण कुणाच्या जिवावर, असं भाऊ पहिल्याच वाक्यात विचारील.

भाऊ स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला होता. सदऱ्यावर ओकारी. ताई दारातच थबकली. ‘चुकलं माझं,’ ती म्हणाली. ‘तुला विचारायला हवं होतं.’

‘कसा दिसतो गं?’

‘काय?’

‘दिसतो कसा तो? त्यानं मला रोज बघितलंय, ताई. नागडं बघितलंय. मी त्याला एकदाही बघितलेलं नाही.’ तो भिंतीला पाठ टेकवून उठला. ‘सदरा दे मला दुसरा. हात घालायला मदत कर.’

पोलीस डॉक्टरला घरून न्यायला आलेत, ही बातमी तोवर शहरभर झाली होती आणि त्याच्या घरापुढे गर्दी दाटली होती. कुणी दगड मारत नव्हतं, कुणी ओरडतही नव्हतं, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. गाडीतल्या पोलिसांनी त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याच्या डोक्यावरून टॉवेल टाकलेला होता, डॉक्टरसाहेबांची अब्रू झाकायला. भाऊ गर्दीतून पुढे सरकला. त्याचे लोंबते हात बघून लोक आपोआप वाट देत होते. पण टॉवेल ओढण्याएवढे ते हात वर होत नव्हते.

म्हणून ताईनं ओढला.

आत एक घामेजलेला म्हातारा होता, टकलावर चार केस चिकटलेले, चष्मा वाकडा. भाऊ त्याच्याकडे बघत राहिला. ‘एवढाच?’ तो अखेर म्हणाला. ‘एवढाच होता होय हा?’

डॉक्टरनं मान खाली घातली. पोलीस त्याला गाडीकडे ढकलू लागले. ताई मध्ये शिरली, त्याची हनुवटी मुठीत धरली आणि तोंड वर केलं.

‘थांबा,’ ती पोलिसांना म्हणाली. ‘माझ्या भावाचं बघून व्हायचंय अजून.’