बारावी खाच

मंडळीत कोण आजारी आहे हे देवाला ठाऊक असतंच, पण माणसांनाही कळावं म्हणून चर्चच्या दारात, आत शिरताना उजव्या हाताला, एक लाकडी फळा लावलेला होता. फळ्याला बारा खाचा, आणि प्रत्येक खाचेत पुठ्ठ्याची एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसे, नातं असे. 'बेकरीवाल्याची आई', 'शिंपीणबाईंचा भाऊ'. नावं लिहिली तर एकाच नावाचे तिघं निघतात आणि देवाचा नाही तरी लोकांचा गोंधळ होतो, असं फळा सांभाळणाऱ्या घड्याळजींचं म्हणणं. दर शनिवारी दुपारी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून ते येत, फळा पुसत, चिठ्ठ्या सरळ करत. रविवारी उपासनेत पाळकसाहेब त्या बारा चिठ्ठ्या वाचत आणि मंडळी मान खाली घालून त्यांच्यासाठी प्रार्थना करी.

फळ्याचा एक नियम होता आणि तो घड्याळजींच्याच चुकीतून जन्मला होता. वीसेक वर्षांपूर्वी बेकरीवाल्याची आई गेली असं बाजारात कुणीतरी सांगितलं आणि यांनी हळहळत तिची चिठ्ठी काढून टाकली. रविवारी म्हातारी काठी टेकत हजर. रिकामी खाच बघून म्हणाली, "मला न विचारताच वर पाठवलंस होय रे?" लोक महिनाभर हसत होते. तेव्हापासून ठरलं की चिठ्ठी कुणीही लावावी, पण काढायची ती आजाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यानं, स्वतःच्या हातानं. मग माणूस बरा होवो की जावो.

आता बाराव्या खाचेत 'घड्याळजींची बायको' अशी चिठ्ठी होती. आणि घड्याळजींच्या बायकोला जाऊन नऊ आठवडे झाले होते.

दफनानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब अकरा चिठ्ठ्या वाचून थांबले. घड्याळजींकडे बघितलं. घड्याळजी खाली बघत होते. शेवटी पाळकसाहेबांनी बारावीही वाचली. पुढच्या आठवड्यात ते एक चांगलं चालतं घड्याळ घेऊन दुकानात आले, अर्धा तास उकाड्याबद्दल बोलले आणि घड्याळ तसंच घेऊन परत गेले. बिचाऱ्यांना चिठ्ठीचा विषय काढताच आला नाही. नियमापुढे आणि दुःखापुढे सगळ्यांचाच नाइलाज होता.

घड्याळजींना का कळत नव्हतं? त्यांनीच तिच्या शवपेटीवर पहिली माती टाकली होती. पण रविवारी ती चिठ्ठी वाचली गेली की शंभर माणसं तिच्यासाठी मान खाली घालत. तेवढ्यापुरती ती आजारी असे. आणि आजारी असली म्हणजे निदान ती असे तरी. स्वतः त्यांनी मात्र देवाशी बोलणं टाकलं होतं. अकरा महिने एकच गोष्ट मागितली, ती मिळाली नाही; आता कुठल्या तोंडानं काय मागायचं? घरी जेवणाआधीची प्रार्थना नेहमी बायको करायची. ती लांबली की हे कुरकुरायचे, "देवाला जेवण गार चालत असेल, मला नाही." यांचं काम शेवटी आमेन म्हणण्याचं. आता ते ताटावर बसत, सवयीनं जरा थांबत. कुणी सुरुवात करत नसे. मग जेवत.

त्या शनिवारी ते फळा पुसत होते, तेव्हा गवंडी आला. कामावरून थेट आला होता. हातावर सिमेंट वाळलेलं. त्याची तीन वर्षांची मुलगी दवाखान्यात होती, छातीत कफ भरला होता, श्वास लागत होता. त्यानं घरून चिठ्ठी लिहूनच आणली होती.

घड्याळजी म्हणाले की फळा भरलाय, पुढच्या शनिवारी ये. गवंड्यानं चिठ्ठ्यांवरून नजर फिरवली. ती बाराव्या चिठ्ठीवर पोचली आणि लगेच खाली वळली. वाद घालायचा त्याला पुरेपूर हक्क होता. त्यानं घातला नाही.

"बरं, काका," तो म्हणाला. "मग तुम्हीच मनातल्या मनात तिच्यासाठी मागा. तुमची प्रार्थना पोचते." चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवून तो दवाखान्याकडे पळाला.

घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ आठवडे ज्यानं देवापुढे तोंड उघडलं नाही, त्याच्या भरवशावर हा बाप आपली पोर सोडून गेला होता.

आतल्या बाकावर बेकरीवाल्याची आई दम खात बसली होती. नव्वदी गाठली होती, पण कान शाबूत.

"मी हात लावायची नाही," ती म्हणाली. "नियम तुझा, चिठ्ठी तुझी."

"बायको गेलीय माझी, मावशी."

"मी नवरा पुरलाय. दोन लेकरं पुरलीत. तेव्हा मला एक शब्द मागता येत नव्हता. बाकीच्यांनी माझ्यासाठी मागितलं, त्यावर मी जगले." मग जरा थांबून म्हणाली, "तिचं दुखणं संपलं रे. तुझं नाही संपलेलं."

घड्याळजींनी खिशातून चिमटा काढला. केसाएवढी स्प्रिंग उचलणारा तो हात, पण पुठ्ठ्याची चिठ्ठी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा निघाली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, तिच्या जागी 'गवंड्याची मुलगी' बसवली आणि फळ्याला डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. म्हातारी बसून राहिली. समजूत घालायला गेली नाही.

रविवारी ते जीव मुठीत धरून बसले. बारावी चिठ्ठी वाचली जाईल आणि बायकोचा उल्लेख होणार नाही, त्या क्षणाची त्यांनी रात्रभर तयारी केली होती. पाळकसाहेब फळ्यापाशी गेले. पहिल्या खाचेत गेली कित्येक वर्षं 'बेकरीवाल्याची आई' होती, गुडघ्यांसाठी. पाळकसाहेब थबकले, मग वाचलं, "घड्याळजी."

थरथरत्या हातानं लिहिलेली मोठी अक्षरं बाकांवरूनही दिसत होती. शंभर माना खाली झाल्या. घड्याळजींना काही मागता आलं नाही. ते फक्त बसून राहिले, आणि त्यांच्यासाठी बाकीचे मागत होते.

बाहेर पडताना म्हातारी म्हणाली, "माझे गुडघे आता देवाला पाठ झालेत. जागा अडवून काय करू?"

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी गवंडी मुलीला कडेवर घेऊन आला आणि आपली चिठ्ठी आपल्या हातानं काढून गेला. घड्याळजींनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना आनंद झाला, आणि तो खरा होता. याला मिळालं, मला नाही, हेही मनात आलं, आणि तेही खरं होतं. मग त्यांनी पहिल्या खाचेतल्या स्वतःच्या चिठ्ठीला चिमटा लावला. अजून बरं वाटत नव्हतं. चिठ्ठी तशीच राहू दिली.

घरी येऊन त्यांनी ताट वाढून घेतलं आणि थांबले. कुणी सुरुवात केली नाही. जेवण गार होईस्तोवर ते बसून होते. मग त्यांनी आपल्या वाटणीचं तेवढं म्हटलं, "आमेन," आणि पहिला घास घेतला.