शनिवारचे घासणे

मित्रांनो, मी एक पितळी वाटी आहे. जुनी आहे, जड आहे, पण माझ्यात आजवर कुणी आमटी वाढून घेतलेली नाही. माझ्यात काच घासत. माझ्या पोटात ओली वाळू घालून काचेचा तुकडा फिरवत राहिले, की त्याला माझ्या पोटासारखा बाक येई. मग तो तुकडा चष्म्यात बसे आणि म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षर मोठे करून दाखवी. मला हे नीट सांगता येते आहे की नाही, कोण जाणे. बोलण्याची सवय नाही.

मिडलबर्ग गावात कालव्याकाठी आद्रियान वाउटर्स या चष्मेवाल्याचे दुकान होते. त्याने मला ओतले. उरलेल्या धातूतून त्याने माझा जोडीदार ओतला. मी खोलगट, तर तो फुगीर. त्याला सगळे घुमट म्हणत. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाची काच माझ्यात घासली जाई आणि डोळ्याकडची त्याच्यावर.

शनिवारी सारे मिडलबर्ग घासायला बसते. उंबरे, हंडे, दारांच्या कड्या, काही सुटत नाही. त्या दुपारी आद्रियान घुमट मेजावर ठेवी, त्यावर वाळूपाणी टाकी, मला उपडी घाली आणि मेजाभोवती हळूहळू फिरत मला चोळत राही. अखेर आम्ही दोघे असे चिकटत असू, की मला उचलले तर घुमटही उचलला जाई. तेव्हा तो हसे. का, ते मात्र त्याने कधी सांगितले नाही. तो मुळात अबोल माणूस. योस आणि लिव्हन या त्याच्या मुलांना वाटे, बाबाही गावासारखेच भांडी घासताहेत.

आद्रियान वारला. दुकानाच्या पाटीवर कुणाचे नाव आधी, यावरून भाऊ भांडले. योसने मला ठेवले. लिव्हन घुमट उचलून पुलापलीकडे गेला. दोघे एकाच चर्चमध्ये जात, पण बाके वेगळी.

योस मोठा मेहनती. त्याची मुलगी तानेके दर शनिवारी मला वाळूने आणि फडक्याने लख्ख करी. गिऱ्हाइके म्हणत, वाटीत तोंड दिसते हो. मित्रांनो, मला ते फार आवडे. चकाकते म्हणजे चांगली आहे, असे मी धरून चालले होते.

पुढे तक्रारी येऊ लागल्या. लेस विणणारी पिरिनआजी नवा चष्मा परत घेऊन आली. योस म्हणाला, ‘‘आजी, काचेचं काही नाही, वयाचं आहे.’’

‘‘माझं वय झालंय, कबूल,’’ आजी म्हणाली. ‘‘पण शेजारणीला दोन नाकं कशी फुटली? तिचं तर वय माझ्याहून कमी आहे.’’

दुकानात हशा पिकला. योसने आधी काचेच्या भट्टीला दोष दिला, मग वाळूला. मला कुणीच दोष दिला नाही. मी चकाकत होते ना.

मग हार्मेन नावाचा वाटाड्या आला. गाळाच्या पट्ट्यांमधून जहाजे बंदरात आणणे हे त्याचे काम. त्याला दुर्बीण हवी होती. योसने जीव ओतून मोठी काच घासली. हार्मेनने धक्क्यावर उभे राहून दुर्बीण डोळ्याला लावली, आणि लगेच ती खाली केली.

‘‘योसदादा, एका डोलकाठीच्या दोन दिसतात. ह्याच्या भरवशावर जहाज आणलं असतं, तर गाळात रुतून सगळे बुडालो असतो.’’

गोष्ट कारागीर संघाच्या पंचांपर्यंत गेली. त्यांनी सांगितले, जत्रेआधी निर्दोष काच दाखव, नाहीतर पाटी उतरव. जाता जाता एक पंच हळूच म्हणाला, डोळे गेले असतील तर लाज कसली, घरी बस.

योस बराच वेळ स्वतःचे हात पाहत बसला. मग तानेकेला म्हणाला, ‘‘संपलं गं. वाटी बाल्टन ओताऱ्याला वितळवायला देऊन येऊ. काहीतरी दुसरं तरी होईल तिचं.’’

माझे काहीतरी दुसरे! मित्रांनो, माझ्या कानांवर विश्वास बसेना.

ओताऱ्याच्या मेजावर मला ठेवले, आणि शेजारी पाहते तो घुमट! लिव्हन आधीच येऊन उभा होता. त्याच्याही काचा गावाने नाकारल्या होत्या. भावांनी एकमेकांकडे पाठ केली. तानेकेने मात्र घुमट उचलला आणि सहज माझ्यात बसवला.

घुमट डुगडुगला.

मला जो धक्का बसला, तो आजही सांगवत नाही. जिथे पाण्याचा थेंबही आत शिरत नसे, तिथे तो रिकाम्या पाळण्यासारखा हलत होता. आम्ही दोघेही एका अंगाने झिजलो होतो. इतकी वर्षे मी वाकडी होते, आणि माझ्यातून निघालेली प्रत्येक काच माझाच वाकडेपणा घेऊन लोकांच्या डोळ्यांवर बसली होती.

‘‘बाबा, हे आजोबांच्या वेळी असं हलायचं?’’ तानेकेने विचारले.

उत्तर दिले लिव्हनने, तेही घुमटाकडे बघत. ‘‘नाही. चिकटायचं.’’ मग तो खाली बसला. ‘‘दादा, बाबा भांडी घासत नव्हते रे. एकमेकांवर चोळून दोन्हींचा बाक जुळता ठेवत होते.’’

योसने मान डोलावली. पुलाच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ दर शनिवारी नेमाने आपापले पितळ चमकवत राहिले होते, आणि ते बिघडत गेले होते. बाल्टन ओतारी एवढेच म्हणाला, ‘‘भट्टी तापलीय. वितळवू की नको, ते लवकर ठरवा.’’

दोघा भावांनी आम्हाला योसच्या दुकानात नेले. मध्ये वाळू, पाणी. एकाने घुमट धरला, दुसऱ्याने मला त्यावर चोळत मेजाभोवती फिरायला सुरुवात केली, आणि दमल्यावर जागा बदलली. पहिले काही दिवस ‘पाणी घाल’ आणि ‘हळू’ यापलीकडे ते बोलले नाहीत. एका शनिवारी योसने मला उचलले, आणि खाली लटकत घुमटही वर आला. भाऊ हसले. अगदी आद्रियानसारखे.

जत्रेआधी माझ्यात घासलेली नवी काच दुर्बिणीत बसवून हार्मेन धक्क्यावर गेला. त्याने दुर्बीण खाली केली आणि म्हणाला, ‘‘एकच काठी.’’ पाटी उतरली नाही. तिच्यावर लिव्हनचेही नाव आले. आधी कुणाचे, ते मात्र मला विचारू नका. अजूनही मला ते सांगायला भीती वाटते.

आज मी एका संग्रहालयात आहे. एक भली बाई मला नियमाने पुसते आणि मी छान चमकते. पण चमकते म्हटले, की मला अजून धसका बसतो. घुमट पलीकडच्या दालनात, दुसऱ्या कपाटात ठेवला आहे. त्यांना वाटले असेल, तो वेगळाच काहीतरी आहे.

मित्रांनो, तुम्ही कधी इथे आलात, तर माझी चमक वाखाणू नका. पुसणाऱ्या बाईंना एवढेच विचारा, की त्या कपाटातला घुमट एकदा हिच्यात बसवून बघाल का? तो हलतो का, ते मला कळायला हवे.