हत्ती खाणारी वही

आलापल्लीच्या लाकूडडेपोत साग उभा, साग आडवा, आणि त्या सागाच्या सावलीत एका फळीवर कोळशानं आखलेला बुद्धिबळाचा पट. मुखरू तिथला चौकीदार. डेपोत त्याला हरवणारं कोणी उरलं नव्हतं.

सत्तावन सालच्या चैत्रात नागपूरच्या कॉलेजात गणित शिकवणारे गुणवंतराव मुखरूचं नाव ऐकून आले. नागपूरच्या सामन्यांत एक जागा रिकामी होती आणि ती भरणं त्यांच्या हाती होतं. अट एकच, त्यांच्या वहीला हरवायचं. विलायतेत म्हणे गणितं करणारी यंत्रं बुद्धिबळ खेळू लागली होती. यंत्र ज्या रीतीनं विचार करतं, ती रीत त्यांनी वहीत उतरवली होती. प्याद्याला एक गुण, हत्तीला पाच, वजिराला नऊ. दोन चाली पुढचं पाहायचं, जास्त गुण देईल तीच चाल खेळायची, स्वतःचं डोकं मधे घालायचं नाही. चांद्याचे दोन वकील या वहीपुढे हरले होते. मुखरू हरला, तर पाळी तिसऱ्या वकिलाची.

मुखरूची चाळिशी उलटली होती. पुन्हा कोणी त्याला विचारायला या रानात येणार नव्हतं.

सकाळी मांडलेला डाव दुपार झाली तरी चालूच. गुणवंतराव एकेका चालीला आकडे मांडत बसत. वाळत्या मोहफुलांचा वास जड होत गेला. अशात मुखरूनं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. इकडच्या खेळात, शह बसला नसेल तर, राजाला एकदा तशी उडी मिळते.

गुणवंतरावांनी मान हलवली. नागपूरच्या नियमांत उडी नाही. आणि हात राजाला लागला, तेव्हा आता राजाच हलवायचा.

मुखरूनं राजा परत जागी ठेवला. राजाला जायला दोनच घरं. एका घरानं हत्ती वाचत होता, पण डाव कुढत कुढत मरत होता. दुसऱ्यानं हत्ती उघडा पडत होता. मात्र वहीचा वजीर तो खायला गेला, तर पुढे तिसऱ्या चालीला मात. मुखरूनं हत्ती उघडा टाकला.

गुणवंतरावांची पेन्सिल सरसर चालली. आकडा आला. हत्ती खा. त्यांनी हात पुढे केला, आणि तो पटावरच थांबला.

त्यांना पुढची मात दिसली होती. मुखरूला ते कळलं.

गुणवंतरावांनी सगळे आकडे पुन्हा मांडले, हळूहळू, एखादी चूक सापडावी म्हणून. चूक नव्हती. त्यांनी हत्ती उचलला आणि बाजूला ठेवला.

तिसऱ्या चालीला मात झाली.

"मी माझ्या डोक्यानं खेळत असतो, तर हा हत्ती खाल्ला नसता," गुणवंतराव म्हणाले.

"ठाऊक हाय, साहेब. वहीचं भेव मले नवतं. तुमचा हात थांबला, तवा जीव गेला माहा."

गुणवंतरावांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि त्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं.