चौथ्या पायरीचे कारण

"हे बघ, हा काटकोन त्रिकोण," असे म्हणत मास्तरांनी जेवणाच्या टेबलावरच कागद पसरला. ताटे गोळा करणारी लेक थांबली.

"अहो, निवृत्त होऊन वर्ष झालं," स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "आता पोरीला तरी सोडा! चार दिवसांसाठी आली होती, उद्या निघायचंय तिला."

"असू दे गं आई," म्हणत लेक बसली.

तिला बस म्हटले की ती बसे. पस्तिशी उलटली होती. लग्न ठरवणे, नोकरी सोडणे, नवऱ्यामागे तीन शहरे बदलणे, प्रत्येक वेळी तिचे उत्तर एकच असे: "तुम्ही म्हणाल तसं." नातेवाईक तिच्या स्वभावाचे कौतुक करीत. मास्तर मात्र ते ऐकताच विषय बदलत.

बावीस वर्षांपूर्वी ती त्यांच्याच वर्गात होती. फळ्यावर पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता चालू होती. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा; तो कर्णाला ड बिंदूत मिळतो, आणि ड हा अ व क या कर्णाच्या दोन टोकांच्या मध्ये असतो. तिसऱ्या बाकावरून तिचा हात वर झाला. शाळेत तीही त्यांना सरच म्हणे.

"सर, मध्येच कशावरून? बाहेर का नाही पडणार?"

मास्तरांपाशी कारण नव्हते. पुस्तकातही नव्हते. त्यात पोटची पोर; लाड करतात असे कोणी म्हणायला नको.

"डोळे आहेत ना? का घरीच विसरलीस? उद्यापासून आईला डब्यात द्यायला सांगतो!"

वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली.

कारण त्यांना त्याच आठवड्यात सापडले. ड जर क च्या पलीकडे पडला, तर क जवळचा कोन नव्या त्रिकोणाचा बाह्यकोन होतो, म्हणजे काटकोनाहून मोठा. पण तो तर लघुकोन आहे! अ च्या बाजूलाही तसेच. दोन ओळींचे काम. पण वर्गात ते सांगायचे, तर परवा आपल्याला येत नव्हते हेही सांगावे लागले असते. ते राहून गेले. पुढे दरवर्षी त्या पायरीवर त्यांचा खडू अडे. तिसऱ्या बाकावर कोणीही बसलेले असो, कानात तोच आवाज उमटे: कशावरून? घरात मात्र तो त्यांना पुन्हा कधीच ऐकू आला नाही.

आज त्यांनी त्या दोन ओळी लिहिल्या. "तू विचारलं होतंस. मला येत नव्हतं. आणि वर तुझंच हसं केलं मी."

"मला तर आठवतही नाही, बाबा," ती हसून म्हणाली. "छान आहे हे."

"छान नको म्हणूस. तपास."

पुढची सिद्धता लिहिताना मास्तरांनी मुद्दाम चौथी पायरी बिघडवली. अ हा कोन दोन्ही त्रिकोणांत एकच, म्हणून समोर 'सामाईक कोन' असे कारण लिहायचे. तिथे त्यांनी 'विरुद्ध कोन' लिहिले. नववीतल्या ढ पोरानेही बोट ठेवले असते.

"एकेक कारण बघ. पटलं नाही तर अडव मला. बिनधास्त अडव."

तिचे बोट ओळीओळीने खाली उतरू लागले. चौथ्या ओळीवर ते थांबले. भुवया किंचित जवळ आल्या, ओठ विलग झाले. मास्तर पुढे झुकले. विचार, पोरी. एकदाच विचार. त्यांनी हातातले पेन तिच्यापुढे केले.

तिने पेनाकडे पाहिले, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. बोट हलकेच पाचव्या ओळीवर सरकले.

"सगळं बरोबर आहे, बाबा."

तिने पेन घेतले, त्याला टोपण लावले, ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नीट अडकवले आणि ताटे उचलून ती आत गेली.