घडीवरची पांढरी रेघ

"झाकण काढून बाटली आणायला यांचे काय हात झिजतात?"

रोज सकाळी माझ्यापाशी उभी राहून आत्या हे वाक्य पुटपुटत असे आणि दिवसभरात पाच-पन्नास झाकणे पिळून काढत असे. तिला कुणी उत्तर देत नसे. तिलाही उत्तर नको असे. काही माणसे चहा घेऊन कामाला लागतात, आत्या कुरकुर करून लागे.

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. अभ्यासाचे नाही आणि जेवणाचेही नाही. घराघरांतली रद्दी, बाटल्या, डबे आणि काच जिथे गोळा होते, त्या डेपोतले मी निवडीचे टेबल. सगळा माल आधी माझ्यावर ओततात आणि मग ज्याचे त्याला वेगळे करतात.

माझा जन्मही टाकाऊ मालातूनच झाला. पाय एका मोडक्या लोखंडी खाटेचे, माथा एका बंद पडलेल्या दुकानाच्या पत्र्याच्या पाटीचा. पाटीची अक्षरे खालच्या बाजूला गेली आहेत. माझ्या पोटावर अजून 'येथे' एवढा एकच शब्द शिल्लक आहे. पुढे काय मिळत होते ते मलाही ठाऊक नाही.

माझे पाय कापायच्या वेळी वेल्डरने विचारले, "उंची किती ठेवू?"

"ठेव साधारण बाईच्या हिशेबानं," आत्याचा भाचा म्हणाला. डेपो उभा करायची कल्पना त्याची होती.

"साधारण बाई तुला कुठं भेटली रे?" आत्या पदर खोचून पुढे आली. "मला कायम इथं उभं राहायचंय. माझी कंबर मोज."

वेल्डरने तिच्या कमरेशी खडूची खूण केली आणि मी तेवढेच झाले. आत्या बुटकी, म्हणून मीही बुटके. मालाच्या गाठी न्यायला येणारा ट्रकवाला माझ्यावर वाकून सही करताना दर वेळी म्हणे, "हे टेबल आहे का पाट?" आत्या म्हणे, "वाक जरा. वाकल्यानं माणूस मरत नाही."

डेपो चालला तो आत्याच्या अशा हट्टांमुळे. भाच्याला स्वस्तातली जागा वस्तीच्या भिंतीमागे मिळत होती. "माणसं कचरा शोधायला वाट वाकडी करत नाहीत," म्हणून तिने डेपो बसथांब्याच्या वाटेवर मांडायला लावला. बाटल्यांच्या पेटीला गोल तोंड ठेवले, कागदाच्या पेटीला नुसती फट. त्यामुळे उष्ट्या-खरकट्याची पिशवी आत कोंबू म्हटले तरी जात नसे. पेट्यांवर पाट्या लिहायचे ठरले तेव्हा ती म्हणाली, "घाईतला माणूस वाचत नाही, बघतो." मग प्रत्येक पेटीवर तारेने खरीखुरी बाटली, खरा डबा आणि खरी वर्तमानपत्राची गुंडाळी बांधली.

आणि माझ्या डाव्या अंगाला एक टोपली ठेवली. तिचे नाव शंकेची टोपली. ज्या वस्तूविषयी खात्री नसेल ती त्यात टाकायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ठरवायचे. नियम आत्यानेच केला होता. तिच्या स्वतःच्या हातून मात्र त्या टोपलीत कधी काही पडले नाही.

सगळ्यांत अवघड काम प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यांचे. दोन जातींचे डबे येतात, दिसायला जुळी भावंडे. एक जात माल विकत घेणाऱ्या कारखान्याला हवी असते आणि दुसरी नको असते. नको असलेले चार डबे वितळताना मिसळले, तर सगळा घाणा पिवळा पडून वाया जातो. ओळखायची युक्ती साधी आहे. डबा दुमडायचा. घडीवर पांढरी रेघ उठली, तर तो नको असलेला. आत्या दुमडायची, बघायची, टाकायची. कडक्, नजर, फेक. कडक्, नजर, फेक. तिच्या शेजारी निवडणाऱ्या बाईला सगळे धाकटी म्हणत. तिची मुलगी लग्नाला आली होती, पण डेपोत ती दुसरी आली म्हणून धाकटी. तिचा एक डबा होईपर्यंत आत्याचे तीन झालेले असत.

ती वर्षे फार चांगली गेली, मित्रांनो. दुसऱ्या वस्त्यांतली माणसे डेपो बघायला येत आणि माझ्या पत्र्यावर थाप मारून जात. एकदा ट्रकवाल्याने निरोप आणला, "कारखान्यात म्हणतात, तुमच्या गाठी उघडून बघायची गरजच नसते." त्या दिवशी आत्या झाकणांवर कुरकुरली नाही.

पुढे काय झाले, ते सगळ्यांत आधी मला कळले.

आत्याचा तळहात माझ्या काठावरून फिरू लागला. आधी काठ चाचपायची, मग वस्तू ठेवायची. डबा दुमडून ती नाकापाशी नेऊ लागली. धाकटीने विचारले तेव्हा म्हणाली, "वास घेते. वासावरूनही कळतं." वासावरून कळत नाही. हे धाकटीला ठाऊक होते आणि मलाही.

मग आत्या म्हणाली, "या टेबलाचा पत्रा काळवंडलाय." मला घासले. मी लखलखले. पंधरा दिवसांनी म्हणाली, "इथं अंधार पडतो." मला खिडकीशी नेले. नंतर डोक्यावर ट्यूबलाइट आली. मग मला ओढत थेट दारात आणून ठेवले. दर वेळी भाचा म्हणे, "हो आत्या, इथं बरं पडेल." धाकटी म्हणे, "आता कसं छान दिसतंय." आणि संध्याकाळी आत्या घरी गेली की हीच धाकटी तिने निवडलेले पोते माझ्यावर पुन्हा उपडे करी. डबा डबा दुमडून बघे. नको असलेले सात-आठ तरी निघत. ती ते पदराआड धरून बाहेर नेई, जणू चोरीच केली आहे.

एकदा तिने भाच्याला गाठले. "अहो, आत्यांचं काहीतरी..."

"टेबल जुनं झालंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

त्याचेही चुकले असे मला म्हणवत नाही. त्याची आई तो पाच वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून त्याला वाढवले ते या आत्यानेच. तिने हाताला धरून ज्याला अक्षरे गिरवायला शिकवली, त्याने तिला कोणत्या तोंडाने सांगायचे?

मग धाकटी तापाने आठ दिवस अंथरुणावर पडली आणि मागून चाळणारे कुणी राहिले नाही. आत्याचे पोते तसेच्या तसे गाठीत बांधले गेले. ट्रक गेला आणि सगळ्या गाठी घेऊन परत आला. ट्रकवाला माझ्यावर वाकला, पण या वेळी त्याने उंचीवरून चेष्टा केली नाही. कागद माझ्यावर ठेवून म्हणाला, "अजून एक गाठ अशी निघाली, तर तुमचा माल कायमचा बंद. मग हे सगळं गावाबाहेरच्या खड्ड्यात."

आत्याचा चेहरा उतरला. "लोक बघा काय काय आणून टाकतात," ती म्हणाली. लोक पूर्वी आणत होते तेच आणत होते.

त्या रात्रीचे मला माहीत नाही, मी डेपोतच असते. पण दुसऱ्या दिवसापासून आत्या फार हळू निवडू लागली. एकेक डबा दोनदा, तीनदा दुमडे आणि घडीवर अंगठा फिरवत राही. रेघ अंगठ्याला लागत नाही, मित्रांनो. ती फक्त दिसते. समोर डब्यांचा ढीग वाढत गेला आणि शेजारी शंकेची टोपली तेवढी रिकामी राहिली.

शेवटी भाच्याने नवीन टेबल मागवले, पांढऱ्याशुभ्र माथ्याचे. मला भंगारात काढायचे ठरले.

मित्रांनो, भंगाराचे मला भय नाही. तिथूनच मी आले. तुम्हाला एवढेच सांगते, आमची निगा राखा, आम्हाला घासा-पुसा, मोडलो तर जोडा. पण ज्या माणसाने आम्हाला आयुष्यभर वापरले, त्याच्याकडेही कधी नीट बघा. टेबलाला दोष देणे सोपे असते. टेबल उलटून बोलत नाही आणि टेबलाला वाईटही वाटत नाही, असे सगळ्यांना वाटते.

ट्रकवाला दुपारी बारा वाजता आला. धाकटी बरी होऊन कामावर आली होती. आत्या माझ्या काठावर हात ठेवून उभी होती.

"हेच न्यायचं ना?" त्याने माझी एक बाजू उचलली.

"हो," भाचा म्हणाला. "नवीन येतंय. त्याच्यावर उजेड चांगला पडतो."

"बरंच झालं," धाकटी घाईघाईने म्हणाली. "याच्यावर मलाही नीट दिसत नव्हतं."

"थांब जरा," आत्या म्हणाली. तिने चाचपत ढिगातला एक डबा उचलला, दुमडला आणि धाकटीसमोर धरला. "रेघ आली?"

धाकटीने भाच्याकडे पाहिले. भाच्याने जमिनीकडे.

"तुला विचारतेय. आली का?"

"आत्या, इथं उजेड कमी आहे हो. सावली पडतेय."

आत्याने डबा खाली ठेवला. दोन्ही तळहात माझ्या पत्र्यावर पसरले. दारातून ऊन थेट माझ्यावर पडले होते आणि मी तव्यासारखे तापले होते. तिने हात काढले नाहीत.

"सावली कुठली गं," ती म्हणाली. "पत्रा पोळतोय."

ट्रकवाल्याने माझी बाजू अजून वर धरली होती. माझे दोन पाय अधांतरी होते.

"खाली ठेव रे ते," आत्या त्याला म्हणाली. मग भाच्याचा आवाज ज्या बाजूने आला होता, तिकडे तिने तोंड वळवले. "टेबलाला काही झालेलं नाही. मला दिसत नाही."