मळीची जागा

कृष्णेच्या दोन फाट्यांमध्ये वसलेल्या मळीवर मतदार एकोणसाठ. ग्रामपंचायत पलीकडच्या मोठ्या गावात, आणि पंचायतीची नावही तिथंच, दादासोच्या गोठ्यात कुलूपबंद. दादासो म्हणजे गावच्या पॅनेलचा धनी. मागच्या महापुरात शालूबाईंची लेक सृष्टी बाळंतपणाला माहेरी आली होती, ती अडली. काठावरून हाका मारून माणसांचे घसे बसले. नाव आली दुसऱ्या दिवशी दुपारी, तोवर सगळं आटपलं होतं.

म्हणून यंदा मळीची जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा शालूबाईंनी अर्ज भरला. मागणं एकच, पावसाळ्यात नाव मळीच्या काठाला बांधा. दादासोनं समोर आपली सून संयोगिता उभी केली.

आमच्याकडं निवडणुकीला जाहीरनामा लागत नाही, बेलभंडारा लागतो. देवाला एरवी कुणी विचारत नाही, पण मताची वेळ आली की त्याच्याइतका स्वस्त साक्षीदार मिळायचा नाही. आरक्षण निघायच्या आधीच दादासोनं मळीवरच्या बाप्यांना एकेक करून खंडोबाच्या देवळात नेलं होतं, बेलभंडारा उचलायला लावून मत बांधून घेतलं होतं. शालूबाईंना हे ठाऊक होतं. त्या दारोदार फिरल्या, सृष्टीचं नाव घेऊन पदर पसरला. फक्त स्वतःच्या घरात मत मागितलं नाही. नवरा, लालासाहेब, फौजेतून हवालदार होऊन आलेला. नवऱ्याकडं कुणी मत मागतं का?

तालुक्याला मोजणी झाली. संयोगिता तीस, शालूबाई एकोणतीस.

गुलालातून वाट काढत मळीची माणसं बाहेर पडली. शेजारचा चांदसाहेब ढसाढसा रडत होता. "वहिनी, भंडारा म्या बी उचलला हुता. पर सृष्टीला नावंत ठेवल्याली ती याच हातांनी. देवाची माफी मागितली आन् तुमचंच बटन दाबलं. एक मत कुटं गेलं, कळंना बगा."

पुढं चाललेले लालासाहेब थबकले. त्यांनी मागं वळून काही पाहिलं नाही. शालूबाई त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं... तुमी?"

"शब्द दिल्याला," लालासाहेब रस्त्याकडं बघत म्हणाले. "तू हुबी ऱ्हाशील हे तवा कुणाला ठावं? भंडारा खोटा केला असता तर घरावर आलं असतं."

शब्दाचा पक्का माणूस म्हणून त्यांचं तालुकाभर नाव होतं. असलं नाव काय चाटायचंय? चांदसाहेबाला ते कळलं, बापाला कळलं नाही.

शालूबाई मोजणीपासून रडल्या नव्हत्या, आताही रडल्या नाहीत.

"लेक गेली, तिच्या पोटातलं गेलं," त्या म्हणाल्या. "आता घरात तुमी आन् मी. कुणाला वाचिवलंसा?"